देशोदेशीच्या कादंबऱ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रत्येक देशाची निदान एक कादंबरी वाचायची, असं मी सहा वर्षांपूर्वी ठरवलं. आज वहीत 81 देश आहेत. हे कोणाला सांगितलं की तेच ते प्रश्न येतात आणि दर वेळी माझं उत्तर थोडं वेगळं निघतं. म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. ज्यांना असं काही सुरू करायचंय त्यांच्या उपयोगी पडेल. ज्यांना हा निव्वळ खुळेपणा वाटतो, त्यांचाही एक प्रश्न घेतला आहे.

देश नेमके किती धरता?

195. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य 193, शिवाय निरीक्षक म्हणून बसणारे दोन: व्हॅटिकन आणि पॅलेस्टाइन. कुठेतरी रेघ मारायची म्हणून ही मारली, एवढंच. तैवान या यादीत नाही, कोसोवोही नाही. कादंबऱ्या मात्र दोन्हीकडे लिहिल्या जातात. म्हणून वहीच्या मागच्या पानापासून उलटी अशी दुसरी यादी सुरू केली. तिच्यात तैवान, कोसोवो, कुर्दिस्तान, तिबेट, ग्वादलूप अशी नावं आहेत. ग्वादलूप हे कॅरिबियन बेट, कायद्याने फ्रान्सचाच भाग. पण तिथल्या मरीझ काँडे यांची कादंबरी वाचून संपवल्यावर ती फ्रान्सच्या रकान्यात टाकायला हात धजावला नाही. पुढची यादी 195 वर थांबलेली आहे, मागची वाढतेच आहे. कधीतरी दोन्ही मध्यावर भेटतील आणि मला नवी वही घ्यावी लागेल.

नकाशाही आपल्यासाठी थांबत नाही. दक्षिण सुदान 2011 मध्ये देश झाला. युगोस्लाव्हिया आणि सोव्हिएत संघ गेले, त्यांची पुस्तकं राहिली. मुखपृष्ठ उघडावं तर ज्या देशात ते छापलं तो देशच आता अस्तित्वात नाही, असं अनेकदा होतं.

व्हॅटिकनचं काय करणार, हे विचारू नका. तिथलं नागरिकत्व जन्माने नव्हे तर तिथल्या कामामुळे मिळतं. तिथे बालपण काढलेला कादंबरीकार मी आणायचा कुठून?

लेखक कुठल्या देशाचा, हे कसं ठरवता?

सगळ्यात जास्त शाई याच प्रश्नावर सांडली आहे. सुरुवातीला वाटायचं, पारपत्र बघितलं की झालं. पहिल्याच वर्षी ते मोडीत निघालं.

अब्दुलरझाक गुर्ना यांचं उदाहरण घ्या. जन्म 1948 चा, झांझिबारमधला. तरुणपणी देश सोडून ब्रिटनमध्ये आले, तिथेच शिकवलं, लिहिलं इंग्रजीत. 2021 मध्ये त्यांना नोबेल मिळालं तेव्हा झांझिबार टांझानियात असून बरीच दशकं झाली होती. 'पॅराडाइज' मी आधी ब्रिटनसमोर लिहिली, मग खोडून टांझानियासमोर. काफ्का प्रागचे, जर्मनमध्ये लिहिणारे ज्यू, आणि आयुष्याचा मोठा भाग त्यांनी काढला ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात. मार्केझ कोलंबियाचे याबद्दल कोणाचं दुमत नाही. पण 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' लिहिली गेली मेक्सिको सिटीत आणि 1967 मध्ये पहिल्यांदा छापली गेली ब्वेनोस आयरेसमध्ये. बेसी हेड जन्मल्या दक्षिण आफ्रिकेत, पण त्यांच्या 'व्हेन रेन क्लाउड्स गॅदर'मधला दुष्काळ आणि गुरं बोत्स्वानाची आहेत. त्या तिथे निर्वासित म्हणून गेल्या होत्या.

सर्वांत मोठा घोळ इवो आंद्रिच यांचा. जन्म 1892 मध्ये, बोस्नियातल्या त्राव्निकजवळ, तेव्हा तिथे कारभार ऑस्ट्रिया-हंगेरीचा. 'द ब्रिज ऑन द द्रिना' लिहिली दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांनी व्यापलेल्या बेलग्रेडमध्ये. 1945 मध्ये ती छापून आली आणि 1961 मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते युगोस्लाव्हियाचे लेखक म्हणून. आज बोस्निया, सर्बिया आणि क्रोएशिया तिघेही त्यांच्यावर हक्क सांगतात. मी ती बोस्नियात ठेवली. कारण साधं आहे: कादंबरीचा नायक एक पूल आहे आणि तो पूल विशेग्रादला आहे. माणसं येतात, मरतात, राज्यं बदलतात. पूल काही जागचा हलत नाही.

त्या पुलावरूनच माझा नियम निघाला. लेखकाची वाढती वर्षं जिथे गेली ती जागा आणि कादंबरी जिथे घडते ती जागा, या दोन्ही जुळल्या तर प्रश्नच नाही. जुळल्या नाहीत तर गोष्टीच्या जागेला अर्धं माप जास्त. नियम शास्त्रशुद्ध नाही. माझ्या वहीपुरता चालतो.

परक्या लेखकाने त्या देशावर लिहिलेली कादंबरी चालते का?

मला चालत नाही. काँगोसाठी कित्येक जण कॉनरॅडची 1899 ची 'हार्ट ऑफ डार्कनेस' सुचवतात. ती वाचू नये असं मी म्हणणार नाही. पण काँगो नदीकाठच्या माणसांना तिच्यात जवळजवळ वाचाच नाही. नायजेरियाचे चिनुआ अचेबे यांनी 1975 मध्ये एका व्याख्यानात हेच कडक शब्दांत मांडलं होतं. गंमत अशी की कॉनरॅड स्वतः पोलिश, आजच्या युक्रेनमध्ये जन्मलेले, इंग्रजी ही त्यांची तिसरी भाषा. म्हणजे परकेपणाचे चटके या लेखकालाही ठाऊक होते.

आणि काँगो दोन आहेत, हे विसरू नका. मी विसरले होते. ब्राझाव्हिल राजधानी असलेल्या काँगोसाठी आलें माबांकू यांची 'ब्रोकन ग्लास' वाचली: एका दारूच्या अड्ड्यावरचा म्हातारा गिऱ्हाइकांच्या कहाण्या वहीत उतरवतो आणि अख्ख्या पुस्तकात पूर्णविराम नाही. किन्शासाच्या काँगोसाठी फिस्तों म्वान्झा मुजिला यांची 'ट्रॅम 83' घेतली. ती खाणींच्या शहरातल्या एका रात्रीच्या अड्ड्यावर घडते. दोन देश, दोन अड्डे. दोन्ही पुस्तकं मोठ्याने वाचली तर जास्त कळतात.

कादंबरीच का? कथा, कविता, आत्मचरित्र का नाही?

कारण मला कादंबरी आवडते. यापलीकडचं कारण देता येईल, पण ते नंतर सुचलेलं असेल.

तरी इथे एक मेख आहे. कादंबरी हा प्रकार सगळीकडे एकाच वेळी उगवला नाही. आपण ज्याला कादंबरी म्हणतो तो शब्द बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथाच्या नावावरून आला, पण मराठीतली पहिली मानली जाते ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' 1857 ची. फिलिपिन्सचे होसे रिझाल यांची 'नोली मे तांगेरे' 1887 ची. स्पॅनिशमध्ये लिहिलेली आणि बर्लिनमध्ये छापलेली. तिच्या लेखकाला 1896 मध्ये गोळ्या घालून मारलं. काही देशांत तर छापील कादंबरी येऊन दोन पिढ्याही झालेल्या नाहीत. गोष्टी तिथेही शेकडो वर्षांच्या आहेत, फक्त त्या तोंडी सांगितल्या जायच्या. अशा ठिकाणी कादंबरीचा हट्ट धरणं म्हणजे मासळीला झाडावर चढायला सांगणं. म्हणून सवलत ठेवली: कादंबरी नसेल तिथे कथासंग्रह. टोंगासाठी एपेली हाउओफा यांचा 'टेल्स ऑफ द टिकाँग्स' वाचला. विकासाच्या नावाखाली बेटावर येणाऱ्या तज्ज्ञांची त्यात जी टर उडवली आहे, ती वाचून मी बसल्या जागी हसत सुटले.

कोणत्या भाषेतून वाचता?

मराठी, हिंदी, इंग्रजी. प्रामाणिकपणे मोजलं तर 81 पैकी बहुतेक इंग्रजीतून.

देशांची यादी घेऊन बसले तेव्हा वाटलं होतं, आपण देश वाचणार. तिसऱ्या वर्षी लक्षात आलं की हातात येतं ते अनुवादकाने निवडलेलं, अनुवादकाने लिहिलेलं पुस्तक. अमुक देशाची कादंबरी मला मिळते ती तिथली सर्वांत चांगली म्हणून नव्हे. ती कोणीतरी उचलली, भाषांतरित केली आणि कोणीतरी छापली म्हणून. बाकीच्या शेकडो माझ्यापर्यंत पोचल्याच नाहीत. तेव्हापासून वहीत लेखकाच्या नावाखाली अनुवादकाचं नाव लिहिते. आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिकाची रक्कम 2016 पासून लेखक आणि अनुवादक यांच्यात सारखी वाटतात, ते मला म्हणूनच रास्त वाटतं. गीतांजली श्री यांच्या 'रेत समाधि'ला 2022 मध्ये ते मिळालं तेव्हा निम्मा वाटा डेझी रॉकवेल यांचा होता. ओमानच्या जोखा अल्हार्थी यांच्या कादंबरीला 2019 मध्ये मिळालं तेव्हा मॅरिलिन बूथ यांचा. अरबीतून आलेलं ते या पारितोषिकाचं पहिलंच पुस्तक.

दुसरी गोष्ट अनुवादाच्या अनुवादाची. अल्बानियाचे इस्माइल कादारे यांच्या कित्येक कादंबऱ्या इंग्रजीत आल्या त्या थेट अल्बानियनमधून नव्हे, फ्रेंचमधून. कादारे, मग फ्रेंच अनुवादक, मग इंग्रजी अनुवादक, मग मी. एवढ्या हातांतून आलेल्या पाण्यात मूळ विहिरीची चव किती राहत असेल? मला वाटायचं, काहीच नाही. पण 'ब्रोकन एप्रिल' वाचताना थंडी वाजली ती वाजलीच. डोंगरातल्या कायद्यानुसार खुनाचा बदला खुनाने घेतलेल्या तरुणाला तीस दिवसांचं अभय मिळतं. मार्चच्या मध्यावर सुरू झालेली मुदत एप्रिलच्या मध्यावर संपते. त्याच्या वाट्याला अर्धाच एप्रिल. हे कोणत्याही भाषेत मोडत नाही. वाक्यांची लय, शब्दांवरचे खेळ, बोलीतला फरक हे हरवत असणार, आणि हरवलं ते काय होतं हे मला कळायचा मार्ग नाही. हे मान्य करून वाचते.

मूळ कादंबऱ्या इंग्रजी-फ्रेंचमध्येच जास्त का दिसतात?

कारण राज्य तिथल्या लोकांचं नव्हतं. शाळा ज्या भाषेत, छापखाना ज्या भाषेत, त्या भाषेत कादंबरी. सेनेगलच्या मारियामा बा यांनी फ्रेंचमध्ये लिहिलं, मोझांबिकचे मिया कोटो पोर्तुगीजमध्ये लिहितात, अचेबे यांनी इंग्रजीत लिहिलं आणि ती भाषा आपल्याला हवी तशी वाकवली. केनियाचे न्गुगी वा थिओंगो यांनी उलटा रस्ता धरला. आधी इंग्रजीत नाव कमावलं. मग गिकुयू भाषेत नाटक केलं म्हणून तुरुंगात गेले आणि 1978 मध्ये कामिती तुरुंगात गिकुयूतच कादंबरी लिहिली, शौचालयातल्या कागदावर. तिचं इंग्रजी रूप 'डेव्हिल ऑन द क्रॉस' त्यांनी स्वतःच केलं. आपल्या भाषेत लिहायचं की वाचक जास्त असलेल्या भाषेत, हा वाद मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

मराठीतून हा प्रकल्प होईल का?

पूर्ण नाही, पण सुरुवात नक्की होईल. पु. ल. देशपांडे यांचं 'एका कोळियाने' हे हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी'चं मराठी रूप. समुद्र क्यूबाचा, लेखक अमेरिकेचा, तेव्हा वरचा नियम लावा आणि माझ्याशी भांडा. रशियन, फ्रेंच, जर्मन अभिजात कादंबऱ्यांचे अनुवादही मिळतात. अडचण येते ती आफ्रिका, मध्य आशिया आणि प्रशांत महासागरातल्या बेटांकडे वळलात की.

पुस्तकं सापडतात कशी?

तीन वाटा. पहिली: पारितोषिकांच्या लांब याद्या. विजेत्यापेक्षा यादीतलं सातवं-आठवं नाव माझ्या जास्त कामाचं असतं. दुसरी: एखाद्या अनुवादकाचं काम आवडलं तर तिने आणखी काय केलंय ते शोधायचं. तिसरी: जुन्या ग्रंथमाला. हायनेमन प्रकाशनाची 'आफ्रिकन रायटर्स सीरीज' 1962 मध्ये सुरू झाली, पहिलं पुस्तक अचेबे यांचं 'थिंग्ज फॉल अपार्ट' आणि पहिले संपादकीय सल्लागारही तेच. तिची नारिंगी जुनी प्रत कुठल्याही ग्रंथालयात, कुठल्याही रद्दीत दिसली तर मागेपुढे बघत नाही.

'वर्ड्स विदाउट बॉर्डर्स' हे ऑनलाइन नियतकालिक 2003 पासून देशोदेशीचं साहित्य इंग्रजीत आणतंय. पूर्ण कादंबरी हाती येण्याआधी लेखकाची चव तिथे घेता येते.

एक सावधगिरी: पाठपृष्ठावरचा मजकूर वाचू नका. एका कादंबरीचा शेवट मला त्यातच कळला आणि तीनशे पानं मी त्या मृत्यूची वाट बघत बसले. दुसरं म्हणजे 'संक्षिप्त' हा बारीक अक्षरातला शब्द आधी शोधा. माझी एक कादंबरी त्यामुळे दोनदा वाचून झाली आहे.

सर्वांत अवघड देश कोणते?

लोकांना वाटतं, गरीब किंवा युद्धात होरपळलेले. तसं नाही. सोमालियाचे नुरुद्दीन फराह सहज मिळतात. अवघड पडतात ते छोटे, आणि त्यातही ज्यांची भाषा अनुवादकांच्या वाटेवर नाही ते. नाउरू आणि तुवालू या बेटांची लोकसंख्या दहा-बारा हजारांच्या घरात. एका मध्यम गावाएवढी. माझे दोन्ही रकाने कोरे आहेत. मादागास्करची लोकसंख्या कोटींत, तरी तिथल्या कादंबरीचा पहिला इंग्रजी अनुवाद यायला 2017 उजाडलं: नायव्हो यांची 'बियाँड द राइस फील्ड्स'. तुर्कमेनिस्तानसाठी देशाबाहेर राहणारे अक वेलसापार सापडले, एका मच्छीमार वस्तीची गोष्ट घेऊन.

छोटं म्हणजे किरकोळ, असंही समजू नका. आइसलँडची लोकसंख्या आजही चार लाखांच्या आसपास, पण हॅल्डॉर लॅक्सनेस यांना 1955 मध्ये नोबेल मिळालं. त्यांच्या 'इंडिपेंडंट पीपल'मधला मेंढपाळ इतका हटवादी आहे की चिडून पुस्तक दोनदा मिटलं आणि दोनदा उघडलं.

साओ तोमे आणि प्रिन्सिपे या देशाची गोष्ट सांगायलाच हवी. अ‍ॅन मॉर्गन या इंग्रज लेखिकेने 2012 या एका वर्षात 196 देशांची पुस्तकं वाचायचं ठरवलं. या पोर्तुगीजभाषक बेटांचं इंग्रजीत काहीच मिळेना, तेव्हा स्वयंसेवकांनी मिळून ओलिंदा बेजा यांचा एक संग्रह खास तिच्यासाठी अनुवादित केला. माझी तेवढी पुण्याई नाही; मी वाट बघते आहे.

किती वेळ लागतो?

महिन्याला दोन धरल्या तर 195 साठी आठ वर्षांहून थोडा जास्त. मॉर्गन यांचा वेग पुस्तकाला दोन दिवसांहूनही कमी पडतो. त्यांनी ते ठरवून, रोजचं काम समजून केलं. मी पहिल्या वर्षी त्यांची नक्कल करायला गेले आणि 31 देश उरकले. 'उरकले' हाच शब्द बरोबर. त्यातल्या निदान दहा पुस्तकांचं आज मला मुखपृष्ठाशिवाय काही आठवत नाही. एका कादंबरीत कोणाचं तरी लग्न मोडतं एवढं लक्षात आहे, कोणाचं ते नाही. आता वर्षाला दहा. या चालीने उरलेल्या 114 देशांना अजून अकरा-बारा वर्षं लागतील. लागू देत.

सुरुवात कुठून करावी?

जाड पुस्तकापासून नको. आंद्रिच, लॅक्सनेस, तुर्कस्तानचे पामुक हे सगळे थांबतील. दोनशे पानांच्या आतली पाच पुस्तकं सांगते, याच क्रमाने वाचा असं नाही.

किर्गिझस्तानच्या चिंगिझ ऐतमातोव्ह यांची 'जमीला', 1958 ची. नवरा युद्धावर गेलाय, घरी राहिलेली बायको आणि तिच्याकडे बघणारा पोरसवदा दीर. गोष्ट तो सांगतो. शंभरेक पानांत अख्खा माळ आणि एक गाणं.

मारियामा बा यांची 'सो लाँग अ लेटर', 1979. नवरा वारल्यावर सुतकाच्या चार महिने दहा दिवसांत एक शिक्षिका मैत्रिणीला पत्र लिहिते. नवऱ्याने दुसरं लग्न केलं होतं, मुलीच्याच मैत्रिणीशी. आक्रस्ताळेपणा अजिबात नाही, म्हणून जास्त लागते.

मेक्सिकोच्या हुआन रुल्फो यांची 'पेद्रो पारामो', 1955. बापाला शोधत मुलगा एका गावी येतो आणि हळूहळू कळतं की गावातलं कोणी जिवंत नाही. पहिल्या वाचनात गोंधळ उडणार. उडू द्या, लगेच पुन्हा पहिल्या पानावर या.

सुदानच्या तय्यब सालेह यांची 'सीझन ऑफ मायग्रेशन टू द नॉर्थ', 1966. सात वर्षं युरोपात काढून नाइलकाठच्या गावात परतलेल्या माणसाला तिथे एक अनोळखी शेतकरी दिसतो, आणि तो एका रात्री सहज इंग्रजी कविता म्हणतो. मूळ अरबी, डेनिस जॉन्सन-डेव्हिस यांचा अनुवाद.

आणि 'थिंग्ज फॉल अपार्ट'. सगळे सुचवतात, म्हणून टाळत होते. टाळायला नको होती.

एका कादंबरीवरून देश कळतो?

हाच तो खुळेपणावाल्यांचा प्रश्न, आणि तो बिनतोड आहे. कळत नाही.

उलट बाजूने बघा. दूरदेशीच्या कोणी तुम्हाला विचारलं की भारताची एकच कादंबरी सांगा, तर काय सांगाल? मी 1963 ची 'कोसला' सांगेन, आणि सांगताना लगेच ओशाळेन. पांडुरंग सांगवीकर खरा आहे, पण तो आसामचा नाही, केरळचा नाही, आणि बाई तर नाहीच. अचेबेंच्या कादंबरीचंही तेच. ती 1958 मध्ये आली, नायजेरिया स्वतंत्र झाला 1960 मध्ये. गोष्टीतल्या इग्बो गावाला 'नायजेरिया' हा शब्दच ठाऊक नाही, आणि त्या देशात पाचशेच्या वर भाषा आहेत. वहीत मात्र मी त्यासमोर बरोबरची खूण केलेली आहे.

मग उपयोग काय? माझ्यापुरतं सांगते. अल्बानिया हे पूर्वी माझ्यासाठी बातमीतलं नाव होतं. आता त्या नावाबरोबर 'ब्रोकन एप्रिल'मधला, डोंगरातल्या वाटेवर दंडाला काळी फीत बांधून चाललेला एक मुलगा दिसतो. तो आजच्या अल्बानियाचा नाही, कदाचित कधीच नव्हता. तरी बातमी वाचताना मी आता थांबते.

आवडली नाही तर?

पन्नास पानं देते, मग त्याच देशाची दुसरी. देश बदलत नाही.

नावं लक्षात राहत नाहीत, काय करावं?

चिठ्ठी. पहिल्या वीस पानांत भेटणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि नातं. मार्केझच्या घराण्यात तीच दोन-तीन नावं पिढ्यानपिढ्या फिरतात, तिथे वंशवृक्षाला पर्याय नाही. रशियन नावांना मात्र उगाच घाबरतात लोक. इव्हानोविच म्हणजे इव्हानचा मुलगा, इव्हानोव्हना म्हणजे इव्हानची मुलगी. बापाचं नाव मधे लावणाऱ्यांना हे जड जायला नको.

नकाशा रंगवता का?

रंगवत होते. रशियाची एक कादंबरी वाचून नकाशाचा केवढा तरी भाग लाल झाला आणि केप व्हर्दे पेन्सिलीच्या टोकाखाली दिसेनासं झालं. जेर्मानो अल्मेइदा यांच्या केप व्हर्देतल्या कादंबरीत एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याचं मृत्युपत्र 387 पानांचं निघतं, आणि माझ्या नकाशावर त्याच्यासाठी टिंबसुद्धा नव्हतं. तेव्हापासून फक्त वही.

आतापर्यंतचं सर्वांत विलक्षण पुस्तक?

आवडतं रोज बदलतं, विलक्षण एकच: इंडोनेशियाच्या प्रमुद्या अनंता तूर यांची 'बुमी मनुसिया', म्हणजे माणसांची पृथ्वी. सुहार्तोंच्या राजवटीत लेखक खटल्याविना बुरू बेटावर कैदेत होते. सुरुवातीला कागद-पेन्सिलही मिळेना, म्हणून त्यांनी ही गोष्ट सोबतच्या कैद्यांना तोंडी सांगितली. पुढे लिहायला मिळालं, सुटका झाली आणि 1980 मध्ये पुस्तक आलं. लोकांनी उचलून धरलं. 1981 मध्ये सरकारने बंदी घातली.

हे कळल्यावर ती कादंबरी मी पुन्हा उघडली. पहिल्यांदा वाचताना काही प्रकरणं उगाच ताणलेली वाटली होती, संवाद मोठे, प्रकरणाच्या शेवटी मुद्दाम अडकवून ठेवलेलं. दुसऱ्यांदा ते ऐकू आलं. दिवसभर राबून आलेली माणसं अंधारात बसली आहेत आणि उद्यापर्यंत त्यांना काहीतरी द्यायचं आहे.

सध्या काय वाचताय?

मोझांबिक. मिया कोटो यांची 'स्लीपवॉकिंग लँड', मूळ पोर्तुगीज 1992 ची. यादवी युद्ध चालू आहे. एक म्हातारा आणि एक मुलगा रस्त्यावरच्या जळालेल्या बसमध्ये आसरा घेतात. बसपाशी पडलेल्या एका मृतदेहाजवळ त्यांना वह्या सापडतात. रोज रात्री मुलगा म्हाताऱ्याला त्यातलं वाचून दाखवतो. मी तिसऱ्या वहीपर्यंत आले आहे. म्हातारा आधी म्हणत होता, कागद चूल पेटवायला वापरू. आता तोच विचारतो, पुढे काय झालं?